तीन ठिपक्यांचे पाने

हमीदभाईंच्या गॅरेजात पगार आठवड्याला मिळे, चहा दोनदा मिळे आणि शिव्या दिवसभर मिळत. हत्यार मात्र मिळत नसे. ते ज्याचं त्याने आणायचं. आयटीआयचं डिझेल मेकॅनिकचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, परत माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "पाने कुठं आहेत तुझे?" नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग नट काय दातांनी खोलणार?" माणूस वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून आलेला. त्यांची स्वतःची हत्यारपेटी गॅरेजच्या कोपऱ्यात फळीवर असे आणि तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. "माझ्या पान्यांना माझ्या हाताची सवय आहे. तू तुझे कर," एवढंच त्यांनी मला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

आमचं घर रत्नागिरीत, राजिवड्याच्या वरच्या अंगाला होतं. चिऱ्याच्या भिंती, पुढे लहानशी पडवी, मागे आईची चूल आणि तिच्या शेजारी नवाकोरा गॅस, जो ती पाहुण्यांसाठी राखून ठेवी. सकाळी खाडीतून होड्या बाहेर पडत. त्यांच्या इंजिनांचा आवाज उतरणीवरून वर येई आणि त्या आवाजावर आमचं सगळं घर चालायचं. बाबा पोस्टमन होते. पहिली होडी गेली की ते दाढीला बसत, तिसरी-चौथी गेली की आई पेजेचं भांडं खाली उतरवी. उकड्या तांदळाची ती पेज, तिच्यात मिठाचा खडा आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा. त्याचा वास माझ्या कपड्यांना गॅरेजात दुपारपर्यंत टिकायचा, मग डिझेल त्याच्यावर चढायचं. पुढे पुढे मला अंथरुणातूनच कळायला लागलं की अमक्या होडीचं इंजिन आज अडखळतंय. बाबांना त्याचं फार कौतुक. "अरे, ह्याला होड्यांची नाडी कळते," असं ते बटवड्यावर ज्याला त्याला सांगत सुटले होते.

पहिल्या पगारातून मी एसटी स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून बारा पान्यांचा संच घेतला. आरशासारखा चकचकीत, वर लाल पाकीट. त्या दिवशी मी घरी आलो तो दाराबाहेरून हाका मारतच. आईने त्यातला एक पाना काढून त्यात स्वतःचा चेहरा पाहिला होता, हे मला आठवतं. तिसऱ्या दिवशी एका टेम्पोच्या सायलेन्सरचा गंजलेला नट सोडवायला मी चौदा-पंधरा नंबरचा पाना लावला, जोर केला, आणि पान्याचं तोंड फाकलं. नटाचे सहाच्या सहा कोपरे गुळगुळीत झाले आणि माझी मूठ चेसीवर आपटून बोटांची सालं निघाली. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून उभा. पण हमीदभाई आपल्या पेटीकडे गेले. त्यांनी स्वतःचा एक पाना दोऱ्याला टांगला, त्यावर दुसऱ्या पान्याने टोला मारला. ठण्ण करून आवाज निघाला आणि कितीतरी वेळ हवेत राहिला. मग माझा टांगला. थप. झालं, संपलं. "ऐकलंस?" ते म्हणाले. "चकाकी बघून घेऊ नको. आवाज ऐकून घे. आणि संच तर घेऊच नको. जो पाना तुला तीन वेळा दुसऱ्याकडे मागावा लागेल ना, तो घे. तेवढाच घे, पण चांगला घे."

आज माझा नातू मोबाइलवर बोट फिरवतो आणि दोन दिवसांत शेहेचाळीस नगांची पेटी दारात येते, प्रत्येक नगाला आपापला खळगा. चांगली असतात ती हत्यारं, उगाच नावं कशाला ठेवू? पण एक-एक पाना घरी येण्यात जी गंमत होती ती त्याला कशी सांगावी, हे मला अजून जमलेलं नाही.

दहा-अकरा आणि बारा-तेरा मी हार्डवेअरच्या दुकानातून नवे घेतले, दोन महिन्यांच्या अंतराने. चौदा-पंधरा शेजारच्या दर्यावर्दी काकांनी आखातातून येताना आणला. चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्यांमधून तो बाहेर निघाला तेव्हा त्यालाही अत्तराचा वास होता. केळशीला एका होडीचं इंजिन मी सुट्टीत जाऊन लावून दिलं. मालकाने मजुरीचं विचारलं तर मी त्याच्या पडवीत गंजत पडलेला मोठा स्क्रूपाना मागून घेतला. त्याला वाटलं मला वेड लागलंय. तो पाना मी आईच्या एका जुन्या डब्यात रॉकेल घालून बुडवून ठेवला आणि डबा चुकून फळीवर पिठाच्या डब्याशेजारी राहिला. त्या आठवड्यातल्या आंबोळ्या कोणालाच खाववेनात. "मेल्या, उद्या माझ्या पातेल्यात ग्रीस कालवशील," म्हणून आई ओरडली, पण पाना निघाला तेव्हा त्याचं चाक फिरवून तोंड लहानमोठं करून बघायला सगळ्यांत आधी तीच आली.

माझी धाकटी बहीण शैला तेव्हा शिवणकाम शिकत होती. तिने ट्रकच्या फाटक्या ताडपत्रीतून मला पान्यांची गुंडाळी शिवून दिली. ओळीने कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर लाल दोऱ्याने आकडे भरलेले. सहा-सात, आठ-नऊ, थेट वीस-बावीसपर्यंत. वरच्या ओळीत साधे पाने, खालच्या ओळीत रिंगपाने. खालची ओळ कितीतरी दिवस रिकामीच होती. रिंगपाना नटाला चहूबाजूंनी धरतो, निसटत नाही, अडचणीच्या जागी वाकड्या मानेने आत शिरतो; पण चांगला रिंगपाना माझ्या आवाक्यातला नव्हता. जेवायला बसलो की शैला मुद्दाम विचारी, "खालचे भाडेकरू कधी येणार?"

ते आले बंदराजवळच्या एका भंगाराच्या वखारीतून. मी तिथे दर पंधरवड्याला जाऊन ढीग उपसत असे. एके दिवशी गंजक्या साखळ्यांखाली एक गोणपाट सापडलं आणि त्यात सहा रिंगपाने. क्रोम जागोजागी उडालेलं, पण तोंडं अगदी शाबूत, मान बारीक, हातात घेतल्यावर वजन नेमकं तळव्यात बसणारं. मी तिथेच एक दोऱ्याला बांधून वाजवला. वखारवाला हातातलं काम टाकून बघत राहिला. त्याने ते लोखंडाच्या भावाने तोलून दिले. घरी आणून रॉकेलने धुतले तेव्हा दिसलं की प्रत्येकाच्या मानेजवळ पंचने मारलेले तीन ठिपके आहेत, त्रिकोणात, सारख्या अंतरावर. कोणाची तरी खूण. मी ती पाहिली आणि त्याबद्दल फारसा विचार केला नाही. खरं सांगायचं तर करायचाच नव्हता. त्या वर्षी खंडेनवमीला मी त्या सहांवर झेंडूचं एकेक फूल ठेवलं आणि बाबांनी उदबत्ती ओवाळली.

त्या पान्यांनी माझं काम बदललं. हात चालायला लागला. हमीदभाई बाहेरच्या कामाला मला एकट्याला पाठवू लागले. असाच एकदा वैशाखात पालीहून निरोप आला, कोल्हापूरच्या रस्त्यावर हापूसच्या पेट्या भरलेला ट्रक बंद पडलाय, इंजिन तापतंय. मी गुंडाळी खांद्याला मारून एसटीने गेलो. ट्रक एका घराभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यालगत उभा होता. ड्रायव्हर ताडपत्रीखाली हात घालघालून पेट्या चाचपत होता. संध्याकाळपर्यंत माल पोचला नाही तर आतल्या आत शिजणार होता. वॉटरपंप गेला होता. पंखा आणि रेडिएटरच्या मधल्या बोळात जे बोल्ट होते तिथे साधा पाना फिरलाच नसता. मी रस्त्याकडेला गोणपाट पसरून हत्यारं मांडली आणि कामाला लागलो.

गडग्याच्या आतल्या घरातून एक बाई कोकमाच्या सरबताचा तांब्या घेऊन आल्या. पन्नाशीच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि गोणपाटाकडे बघत राहिल्या. मग वाकून एक रिंगपाना उचलला आणि अंगठ्याने त्याची मान चाचपली.

"हे पाने कुठं मिळाले रे तुला?" त्यांनी विचारलं.

 त्या का विचारतायत ते मला तेव्हाच कळलं होतं. "कोल्हापुरास घेतले," मी म्हटलं. "नवे."

नवे! क्रोम उडालेल्या पान्यांना मी नवे म्हटलं.  त्यांनी पदराने पाना पुसला आणि होता तसा जागेवर ठेवला. तेवढ्यात घरातून जडसा, अडखळता पुरुषी आवाज आला, "कोण आलंय गो?"

"ट्रक बंद पडलाय. मेस्त्री आलाय पंप खोलायला," त्या म्हणाल्या.

"पंपाचा खालचा बोल्ट... अगोदर सोड म्हणावं. वरचा मागाहून."

मी वरच्यालाच पाना लावला होता. काढून खालचा सोडला आणि पंप अलगद हातात आला. त्याचं सील बदलून तो परत बसवला आणि तासाभरात ट्रक गेला. मी सरबताचा तांब्या परत द्यायला गेलो तर बाईंनी तो घेतला, "सुखरूप जा," म्हणाल्या आणि आत वळल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचे काही दिवस माझं कशात लक्ष लागेना. त्या पान्यांना हात लावला की ठिपके बोटांना टोचायचे, जे त्याआधी कधी जाणवलेही नव्हते. शेवटी एका रात्री जेवताना मी घरी सगळं सांगून टाकलं. आईने कुळथाची पिठी वाढता वाढता हात थांबवला. बाबा म्हणाले, "खूण आहे म्हणजे पत्ता आहे की रे त्यावर. पोचवायला नको?" मी चिडलो. मी चोरलेत का, पैसे मोजून घेतलेत, ते गेले तर माझं काम कसं चालायचं, असं बरंच काही बोललो. आईने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "पाने तू घेतलेस ते घेतलेस. त्याबद्दल कोण तुला बोलणार नाय. पण त्या बाईने तुला तहानेला सरबत दिलं आणि तू तिला तोंडावर खोटं सांगितलंस. ते तेवढं निस्तरून ये. पान्यांचं काय ते तिथं गेल्यावर ठरव."

त्या रविवारी मी गेलो. सहाही पाने पिशवीत घेतले होते, पण द्यायचेच असं काही ठरवलं नव्हतं. पालीच्या स्टँडवर उतरेपर्यंत नाही. त्या बाई अंगणात सुपातून कोकमाची सालं वाळत घालत होत्या. हात मनगटापर्यंत लाल. मला बघून त्या उठल्या आणि ओठांवर बोट ठेवून मला घराच्या मागल्या बाजूला घेऊन गेल्या.

"काकी, मी खोटं बोललो," मी म्हटलं. "भंगारात मिळाले मला हे."

"ठाऊक आहे. मीच घातले ते भंगारात," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान दत्तूमेस्त्री. त्या रस्त्यावरचे जुने मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. ते रत्नागिरीला दवाखान्यात असताना औषधांसाठी काकींनी दारावर आलेल्या भंगारवाल्याला पेटीतली हत्यारं दिली. माणूस वाचतो की नाही हेच कळत नव्हतं तेव्हा. तो वाचला, घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, पेटी उघड, पाने बघूया. "मी सांगितलं, किल्ली हरवली. दोन वर्षं किल्ली शोधतेय बघ मी," काकी म्हणाल्या आणि लाल हातांनीच डोळे पुसले. मग एकदम म्हणाल्या, "परत घेण्याइतकं माझ्याकडे काही नाय. पण एकदा, फक्त एकदा त्यांना दाखवशील? मग ने तुझे तू."

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यात मोठेपणा काही नव्हता; त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. मेस्त्री मागल्या दारी तोंड धुवायला गेले होते तेवढ्यात काकींनी खाटेखालची पेटी ओढली, पदराच्या गाठीतली किल्ली काढली आणि पाने आत ठेवून पेटी पुन्हा लावली. मेस्त्री भिंत धरत धरत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "ऐकलंत का, किल्ली सापडली."

उंच, वाळलेला माणूस. ते खाटेवर बसले, काकींनी पेटी त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी डाव्या हाताने एक पाना उचलला. अंगठा ठिपक्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. मी दाराशी उभा होतो. मग त्यांनी पाना नाकाशी नेला, हुंगला, आणि माझ्याकडे बघितलं.

"डिझेल," ते म्हणाले. "ताजं आहे."

काकींनी पेटीचं झाकण लोटायला हात पुढे केला.

"गो सुमती," ते सावकाश, एकेक शब्द ओढत म्हणाले, "ह्या घरात आजवर तुझी एक टाचणी हरवली नाय. किल्ली हरवली म्हणालीस... तेव्हाच समजलो मी. म्हणून तर पुन्हा विचारलं नाय."

 दोन वर्षं काकी त्यांच्यापासून लपवत होत्या, आणि आपल्याला ठाऊक आहे हे दोन वर्षं ते काकींपासून. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नाही. मी निघायचं म्हणून चप्पल शोधू लागलो तर मेस्त्रींनी हाक मारली. "हात दाखव."

मी हात पुढे केले. त्यांनी माझी बोटं उलटून पालटून बघितली, पेरांवरचे जुने व्रण बघितले. "त्या दिवशी वरच्या बोल्टला अगोदर पाना लावलास ना?"

"हो."

"आवाजावरून कळलं. घाई करतोस." मग त्यांनी तो पाना माझ्या तळहातावर ठेवला आणि डाव्या हाताने माझी मूठ मिटवली. "घेऊन जा सगळे. पेटीत पडून पान्याला गंज चढतो. पण दर रविवारी यायचं आणि मला सांगायचं, काय खोललंस, कसं लावलंस."

काकींनी त्या दिवशी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. फणसाची भाजी होती आणि तांदळाच्या भाकऱ्या. मेस्त्री डाव्या हाताने जेवत होते आणि मधेच थांबून मला विचारत होते, हमीदभाई वॉल्व्हचं अंतर कसं ठेवतो, गरम इंजिनावर की गार? वाटीतलं सार थंड होईस्तोवर आमचं हेच चाललं.

मग मी जातच राहिलो. सुरुवातीला नुसतं सांगायला, नंतर पिशवीतून एखादा पंप, एखादा डायनॅमो घेऊन. आम्ही पडवीत पोतं पसरायचो. मेस्त्री खुर्चीत बसून सांगायचे, मी खोलायचो. शब्द अडला की ते डाव्या हाताने हवेत नट फिरवून दाखवत. जे मला आयटीआयत कळलं नव्हतं आणि हमीदभाईंच्या ओरडण्यात ऐकू आलं नव्हतं, ते त्या पडवीत कळलं: नट सोडवण्याआधी त्याच्यावर बोट ठेवून जरा थांबायचं, तो कुठल्या बाजूने धरलाय ते समजून घ्यायचं. एकदा एक बोल्ट माझ्याने हलेना तर त्यांनी खुर्ची पुढे घ्यायला लावली आणि स्वतः डाव्या हाताने पान्याला झटका दिला. छोटासाच, पण नेमका. बोल्ट सैल झाला. ते खुर्चीत मागे टेकले, आणि काकी स्वयंपाकघरातून घावण्याचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर येऊन उगाचच तिथे उभ्या राहिल्या.

रस्त्याला घर असल्यामुळे जुने ड्रायव्हर अजूनही थांबत. गडग्यापलीकडून हाक मारत, मेस्त्री आहेत का म्हणून. काकी बाहेर जात आणि ठरलेलं उत्तर देत, ते आता काम करत नाहीत. ते सांगताना त्या आवाज मुद्दाम खाली ठेवत, पण आत सगळं ऐकू येई आणि मेस्त्री भिंतीकडे तोंड फिरवत. मी पाहिलंय ते दोन-तीनदा.

भातलावणी उरकल्यानंतरचा एक रविवार होता. आम्ही पोत्यावर एक फ्युएलपंप मांडून बसलो होतो. बाहेर ट्रक कण्हत कण्हत येऊन थांबला. क्लीनरने हाक मारली, "मेस्त्री आहेत का?" काकी हात पुसत उठल्या, पडवीच्या पायरीपर्यंत गेल्या, त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून मेस्त्रींचा आवाज गेला, जड, पण गडग्यापलीकडे पोचेल एवढा खणखणीत.

"आहेत! दोन आहेत. बोनेट उघड, आलो."

काकी वळल्या. मेस्त्री खुर्चीचा हात धरून उठत होते. मी गुंडाळी काखेत मारली, दुसऱ्या हाताने त्यांना आधार दिला, आणि काकी खुर्ची उचलून आमच्या पुढे रस्त्याकडे निघाल्या.